सासुरवाडीचा उपग्रह

लोक जीपीएसचं यंत्र कशासाठी घेतात? कुणी हिमालयात जायचं म्हणून घेतं, कुणी वाळवंटात जीप घालायची म्हणून. मी घेतलं सासुरवाडीला जायचं म्हणून. हसू नका. माझी सासुरवाडी तुम्ही पाहिलेली नाही. (पाहिली असती तर अजून परत आला नसता.)

मी सोमेश्वर. पाटोद्याला पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे आणि घरी त्याहून कनिष्ठ. माझी बायको बबिता खडकमाळ वस्तीची. ही वस्ती बालाघाटाच्या पठारावर अशा जागी आहे, की मोबाईलच्या नकाशात तिथं नुसता करडा रंग दिसतो. डांबरी रस्त्याचा फाटा सोडला की रेंज जाते आणि परत फाट्यावर आल्यावरच येते. वस्तीला जायला एक सरळ रस्ता आहे, पण तो नदीवरच्या बुटक्या फरशी पुलावरून जातो, आणि चांगला पाऊस झाला की पूल पाण्याखाली. मग उरतो मागचा माळ. त्या माळावर आता पवनचक्क्या आल्यात. पवनचक्क्यांसाठी मुरमाचे रस्ते केलेत, सगळे एकमेकांसारखे, आणि प्रत्येक रस्ता कुठल्यातरी पवनचक्कीच्या बुडाशी जाऊन संपतो. माहेर असून बबितालाही आता तिथली वाट सापडत नाही.

बबिताच्या भावाची, अंगदची, मुलगी संस्कृती. गुणी पोरगी, नर्सिंग शिकलेली. गेल्या पावसाळ्यात तिला बघायला पहिलं स्थळ निघालं ते या माळावर शिरलं. त्या लोकांनी म्हणे सगळ्या पवनचक्क्यांचं दर्शन घेतलं आणि वस्ती न बघताच घरी गेले. वर निरोप धाडला, "ज्या घराला वाट न्हाई त्या घरची पोरगी आमाला नको." ही गोष्ट आसपास इतकी पसरली, की पुढचं स्थळ यायला वर्ष गेलं.

ते आलं तेलगावचं. मुलगा शिवशंकर, वीज मंडळात वायरमन. मुलीला त्यानं शहरात नातेवाइकांकडं पाहिलं, पसंत केलं. आता साखरपुड्याला अख्खं घर खडकमाळला येणार होतं. या खेपेला पाहुणे चुकले तर सोयरीक मोडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

घरात बैठक बसली. सासरे म्हाळूमामा म्हणाले, "अंगद फाट्यावर हुबा ऱ्हाईल."

"मुलीचा बाप फाट्यावर? आणि घरी स्वागत कोण करणार?" असं म्हणाला रविराज. हा माझा साडू. त्याच्याकडं नवी गाडी आहे आणि गाडीत टीव्हीएवढा स्क्रीन आहे. "मी आणतो पाहुण्यांना. माझ्या गाडीला सगळं कळतं."

सगळ्यांनी त्याच्याकडं कौतुकानं बघितलं. ते कौतुक माझ्याच्यानं बघवेना. माझी जीप जुनी. तिला फक्त चढ कळतो, आणि तोही चढून झाल्यावर.

"रविराजराव, तिथं रेंज नसते," मी म्हणालो. "तिथं थेट उपग्रहाशी बोलणारं यंत्र लागतं. मी घेतोय. पाहुण्यांना मी आणणार."

मी काही घेत वगैरे नव्हतो. ते वाक्य तोंडातून पडेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण पडलं. बबितानं माझ्याकडं असं बघितलं, की आता उपग्रह स्वतः उडवावा लागला तरी चालेल पण माघार नाही.

संभाजीनगरला डोंगर चढणाऱ्या लोकांच्या सामानाचं एक दुकान आहे. आम्ही दोघं तिथं गेलो. काउंटरवरचा पोरगा अगदी हुशार. त्यानं विचारलं, "सर, वापर कशासाठी आहे?"

"सासुरवाडी."

"ओके. आणि टेरेन कसा आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे सर, कठीण आहे का? खडकाळ? चढउतार?"

"सासरे तसे कठीण आहेत," मी म्हणालो, "पण सासूबाई मऊ आहेत."

बबितानं मला कोपरानं ढोसलं आणि त्याला जमीन कशी आहे ते सांगितलं. मग त्यानं एकेक यंत्र मांडलं. पहिलं मनगटी घड्याळासारखं. त्यात नकाशा पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसायचा. मला चष्मा लागतो, आणि चष्मा शोधायलाच आधी एक जीपीएस लागेल, म्हणून ते बाजूला ठेवलं. दुसरं उपग्रहावरून निरोपही धाडतं म्हणाला, पण त्याला सरकारची परवानगी लागते.

"मी सरकारातच आहे," मी छाती काढून म्हणालो.

"मोठं सरकार, सर," तो म्हणाला.

तिसरं बघताच मी प्रेमात पडलो. मोठा रंगीत काचेचा स्क्रीन, बोट लावलं की नकाशा सरकतो, आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणते, कृपया उजवीकडे वळा. आमच्या घरात मला 'कृपया' कुणी म्हटलेलं नाही. मी तिला तीनचारदा वळायला लावलं.

"हेच द्या," मी म्हणालो.

"थांबा," बबिता म्हणाली. "गाडीत एक बाई हाय की रस्ता सांगायला. दुसरी कशाला?"

मग तिनं ते यंत्र उचललं आणि सरळ दुकानाबाहेर उन्हात गेली. स्क्रीन उन्हात तव्यासारखा काळा. आत आली, बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि ओल्या बोटानं काच दाबली. नकाशा भलतीकडंच पळाला. "पावसात हेच करनार का?" तिनं विचारलं. आणि शेवटी, "चार्जिंग संपलं तर?"

"पॉवर बँक घ्या, मॅडम."

"आनि साध्या सेलवर चालनारं न्हाई का?"

तेव्हा त्या पोरानं खालच्या कप्प्यातून एक पिवळंकाळं, जाडजूड, बटणांचं यंत्र काढलं. दिसायला अगदी जुन्या काळचा मोबाईल, तोही पंचवीस वर्षं शेतात राबलेला. उन्हात स्पष्ट दिसत होतं. ओल्या हातानं बटणं दाबली जात होती. वर गळ्यात अडकवायला दोरी. आणि आत रेडिओचे पेन्सिल सेल, जे खडकमाळच्या एकुलत्या एक दुकानातही मिळतात.

"पाण्यात पडलं तर?" मी विचारलं.

"काही होत नाही, सर."

"उंचावरून पडलं तर?"

उत्तर यायच्या आत माझ्या हातातून ते पडलं. काही झालं नाही. (मुद्दाम पाडलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.) ते घेतलं.

त्यानं वापरायची पद्धत सांगितली. यंत्र सुरू करायचं, एक बटण दाबायचं, मग तुम्ही चालाल त्या वाटेची रेघ आत उमटते. परत दाबलं की रेघ जतन होते. पुढच्या खेपेला ती रेघ धरून चालायचं. काळोख असो, धुकं असो. पोरसुद्धा चुकणार नाही, म्हणाला.

पोर नसेल चुकलं.

साखरपुड्याच्या आधी एक शनिवार-रविवार आम्ही वस्तीवर मुक्कामाला गेलो. पाऊस उघडलेला होता, फरशीवरून जीप आरामात गेली. म्हाळूमामा बाजेवर बसले होते. सत्तरी उलटलेला, काटक माणूस. आयुष्य मेंढरामागं गेलेलं. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं.

"मामा, हे उपग्रहाशी बोलतं."

"कोनता गिरह वक्री हाय?" त्यांनी काळजीनं विचारलं. "शांत करून घ्या. माळेगावचा बामन चांगला हाय."

"ग्रह नाही मामा, उपग्रह. वर फिरतात. यानं माणूस कुठं आहे ते कळतं. हरवलेलं सापडतं यानं."

"हरवलेलं सापडतं?" मामांनी यंत्र उलटसुलट करून बघितलं. "कसलं बी?"

"कसलंही."

"आन दोरी बी हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

शनिवारी दुपारी अंगद आणि मी वस्तीपासून मागच्या माळानं फाट्यापर्यंत चालत गेलो. मी निघताना बटण दाबलं होतं. म्हणजे माझी तशी समजूत होती. प्रत्यक्षात बटण जरा जोरात दाबावं लागतं, आणि माझा स्वभाव मऊ. संध्याकाळी परत आल्यावर रेघ बंद करावी म्हणून मी बटण दाबलं, ते मात्र थकव्यानं नीट दाबलं गेलं. म्हणजे जे बंद करायला गेलो ते तेव्हा सुरू झालं. हे मला पुढं कळलं. त्या वेळी मी समाधानानं भाकरी-पिठल्यावर ताव मारत होतो.

रविवारी सेल किती टिकतात ते बघावं, म्हणून यंत्र चालूच ठेवून मामांच्या बाजेवर सोडलं आणि अंगदबरोबर खरेदीला पाटोद्याला गेलो. दिवेलागणीला आलो तर यंत्र होतं तिथंच होतं. त्याला लोकरीचे दोनचार केस चिकटले होते. (सासुरवाडीला गेलं की मलाही चिकटतात. मी लक्ष दिलं नाही.) बटण दाबलं. यंत्र म्हणालं, वाट जतन झाली. स्क्रीनवर बघतो तर काय! वस्तीपासून फाट्यापर्यंत आणि परत, सुरेख काळी रेघ. थोडी वळणावळणाची होती, पण अंगदबरोबर चालताना आम्हीही गप्पांच्या नादात वळलोच असू.

"बघ," मी बबिताला दाखवलं. "पक्की वाट."

"तुमी एवढं चाललात?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यात मला पहिल्यांदाच आदर दिसला. मी तो नाकारला नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दोन दिवसांत आभाळ फाटलं. पोळा तोंडावर आलेला, आणि फरशी पूल गडप. सकाळी पाऊस थांबला होता, पण नदी उतरायचं नाव घेत नव्हती. फाट्यावर तेलगावचे पाहुणे जमले. तीन जीपा, आणि पुढं एक पांढरीशुभ्र मोठी गाडी. तिच्यातून उतरले मोहनराव, नवऱ्या मुलाचे चुलते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा. गावचं राजकारण कोळून प्यायलेला माणूस. त्यांच्या कपड्यांवर एक डाग नव्हता, आणि समोर सगळा माळ चिखलाचा.

रविराजही आला होता. हार, पेढे आणि फोटोग्राफर त्याच्या गाडीत.

"पावनं, रस्ता कंचा?" मोहनरावांनी विचारलं.

"माझ्या मागं या," रविराज म्हणाला.

"माझ्या मागं या," मी म्हणालो.

मोहनरावांनी आधी त्याची गाडी बघितली, मग माझी जीप. मग माझ्या हातातलं पिवळंकाळं यंत्र. "हे काय हाय?"

"उपग्रह," मी म्हणालो.

"पुढाऱ्यानं नेहमी वरच्याशी संबंध असलेल्याच्या मागं जावं," मोहनराव म्हणाले आणि माझ्या मागं यायला तयार झाले. रविराज फुरंगटून मुरमाच्या रस्त्यानं एकटाच निघून गेला.

जीपमध्ये मी आणि बबिता. यंत्र तिच्या मांडीवर. मागं चार गाड्यांची रांग. मिरवणुकीत सगळ्यात पुढं असायचा माझा हा पहिलाच प्रसंग. लग्नातसुद्धा माझ्या पुढं बँडवाले होते.

थोडं अंतर गेलो आणि रेघ मुरमाचा रस्ता सोडून सरळ गवतात शिरली. मी शिरलो. मागून हॉर्न वाजला. मी खिडकीतून हात हलवला, "या, या! उपग्रह म्हणतो!" ते आले. मग रेघ एका बांधाच्या कडेकडेनं गेली, थांबली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. आम्हीही गेलो, थांबलो, मागं आलो. चार गाड्या माळावर मागं येताना बघणं हे फार मनोहर दृश्य नसतं.

"तुमी अंगदाबरूबर असे का म्हनून चाललतात?" बबितानं विचारलं.

"गप्पा चालल्या होत्या," मी म्हणालो.

पुढं एक मोठी बाभळ आली. रेघेनं त्या बाभळीला वेढा घातलेला. एक नाही, दोन नाही. वेढ्यावर वेढे. मी मनात म्हणालो, यंत्रानं सांगितलंय तर फिरलंच पाहिजे, एखादा वेढा सोडला आणि पुढचं सगळं चुकलं तर? आणि बाभळीभोवती जीप फिरवायला लागलो. मागं चारही गाड्या फिरायला लागल्या. दुसऱ्या फेरीला माझी जीप पांढऱ्या गाडीच्या मागं आली. पुढं कोण आणि मागं कोण हेच कळेना.

मोहनराव खाली उतरले. "ओ पावनं! हे काय चाललंय?"

तोंडातून निघालं, "या झाडाचा मान असतो. सोयरिकीला येणाऱ्यानं फेरी घालावी लागते."

"आसं म्हना की!" मोहनरावांचा चेहरा खुलला. मागच्या जीपमधून त्यांच्या घरच्या बायका उतरल्या. कुणी हळदकुंकू काढलं, कुणी नारळ फोडला. एका म्हातारीनं बाभळीला नमस्कार करून डोळ्याला पदर लावला, "लई जागृत जागा हाय, हात लावला तर अंगावर काटा आला." (तो बाभळीचा होता.)

हे चाललेलं असताना बबिता झाडापाशी उभी राहून साल बघत होती. साल एका ठिकाणी घासून गुळगुळीत झाली होती, आणि फटीत पांढऱ्याकाळ्या लोकरीचे पुंजके. ती माझ्याजवळ आली आणि दातावर दात ठेवून हळूच म्हणाली, "हे झाड बादशाचं हाय."

"कोण बादशा?"

"आमचा मेंढा! मेंढरांच्या खांडाच्या पुढं चालतो तो. रोज हितं येऊन शिंगं घासतो. रविवारी यंत्र कुठं ठेवलतं तुमी?"

"मामांच्या बाजेवर."

"आनि आबांना काय सांगितलतं? की हरवलेलं सापडतं म्हनून?" तिनं कपाळाला हात लावला. "बादशा सारखा हरवतो! आबांनी हे त्याच्या गळ्यात बांधलं असनार. दोरी बी हाय त्याला!"

मी यंत्राकडं बघितलं. लोकरीचे केस आठवले. तेलगावचं अख्खं खानदान, तीन जीपा, एक पांढरी गाडी आणि शासनाचा एक कनिष्ठ सहायक एका मेंढ्याच्या मागं निघाला होता, आणि तो मेंढा चरायला निघाला होता.

"मोहनरावांना सांगू का?"

"काय सांगता? धोतर खोचा आनि मेंढराच्या मागं चला म्हनून? गप बसा." तिनं जरा विचार केला. "भ्याचं काम न्हाई. बादशा दिवसभर कुठं बी हिंडू दे, सांजच्याला घरीच येतो. तुमच्यापेक्षा टाईमशीर."

मी जीप काढली.

आता मात्र मला त्या रेघेचा अर्थ लागायला लागला. इथं हिरवं गवत होतं म्हणून तो रेंगाळला. इथं उतरणीला चिखल होता, तो त्यानं वरच्या मुरमाड अंगानं टाळला. इथं दोन खडकांच्या फटीतून गेलाय, तिथं आपण वळसा घालू. मागच्या गाड्यांची चाकं एकदाही रुतली नाहीत. मोहनरावांच्या गाडीतून मला टाळ्याही ऐकू आल्या. माझी मान हळूहळू पुन्हा ताठ झाली.

आणि मग ओढा आला. खालच्या नदीला मिळणारा, एरवी चपला हातात घेऊन ओलांडावा असा. आज तांबडं पाणी खळखळत चाललं होतं. तळ दिसत नव्हता. सगळ्या गाड्या थांबल्या. रेघ सरळ पाण्यातून पलीकडं गेली होती.

मोहनरावांनी पाणी बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "पावनं, जीवाशी खेळ नको. बायकापोरं हायत. माघारी फिरू. पुढचा मुहूर्त धरू."

पुढचा मुहूर्त म्हणजे काय, हे मला आणि बबिताला ठाऊक होतं. वस्तीवर संस्कृती नवं लुगडं नेसून बसली असेल. अंगद दारात उभा असेल. मागच्या वर्षी तो असाच अंधार पडेपर्यंत उभा होता.

"ऐका," बबिता माझ्या कानाशी म्हणाली, "मेंढरू पान्याला लई भेतं. बादशा जिथनं उतरलाय तिथं खाली खडक हाय आनि पानी थोडं हाय. पन रविवारी न्हाई पडला एवढा पाऊस. जीप घालायची न्हाई. आदी चालून बघा."

"मी?"

"मग काय बादशाला बोलवू?"

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. एका हातात यंत्र धरलं, दुसऱ्या हातात काठावरची एक लांब काठी. नवरा मुलगा शिवशंकर आपल्या जीपमधून उडी मारून आला, त्यानंही विजार दुमडली आणि माझा दंड धरला.

"काका, मी येतो," तो म्हणाला. मग हळूच, "माघारी फिरायचं न्हाई हां. ती रोज फाट्यावर येऊन माझ्याशी फोनवर बोलती. आज न्हाई पोचलो तर ती फोन उचलायची न्हाई."

आम्ही दोघं पाण्यात उतरलो. रेघेच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. पहिलं पाऊल, घोट्यापर्यंत पाणी. खाली सपाट कातळ, घराच्या फरशीसारखा. मधोमध आलो, पाणी पोटऱ्यांशी. मी डाव्या बाजूला काठी टोचून बघितली. तीनचार हातांवर काठी बुडाली आणि तळ लागला नाही. उजवीकडंही तेच. पण रेघेवर कातळ. पलीकडं पाय लागला तेव्हा मी दोन्ही हात वर केले आणि काय ओरडलो ते मला आठवत नाही. बबिता सांगते, मी "बादशा की जय!" असं ओरडलो. नशीब, मोहनरावांना वाटलं की हे माझ्या कुलदैवताचं नाव आहे. तेही ओरडले, "बादशा की जय!" आणि सगळं वऱ्हाड ओरडलं.

आधी मी माझी जीप पलीकडं नेली, मग शिवशंकर आणि मी कातळाच्या दोन्ही कडांना काठ्या घेऊन उभे राहिलो. एकेक गाडी आमच्या मधून पार झाली. शेवटची पांढरी. मोहनरावांच्या धोतरावर शिंतोडाही उडाला नाही.

पुढं चढ चढून वर आलो आणि समोर वस्तीचे पत्रे चमकले. मला गहिवरून आलं. रेघ धरून मी जीप दामटली. रेघ घराच्या पुढच्या अंगणाकडं काही गेली नाही, ती मागच्या बाजूनं थेट आत शिरली आणि जिथं संपली तिथं मी ब्रेक दाबला. चारी बाजूंनी एकच ब्यां-ब्यां उठली. मी मेंढवाड्याच्या मधोमध उभा होतो. माझ्यामागं चारही गाड्या वाड्यात.

पुढच्या दारात ओवाळायची ताटं घेऊन उभी असलेली सगळी मंडळी मागं धावत आली. अंगद सगळ्यात पुढं. त्यानं गाड्या बघितल्या, मोहनराव बघितले, जावई बघितला आणि तिथंच खाली बसून डोळे पुसायला लागला.

"वाड्यातनं आणलं आमाला?" मोहनरावांनी लेंड्यांतून जपून पाय टाकत विचारलं.

म्हाळूमामा पुढं झाले. "पावनं, आमच्या घरात लक्षुमी हितनंच येती. पुढच्या दारानं नुसतेच इलेक्शनवाले येत्यात."

मोहनराव आधी हसले, मग त्यांना कळलं, मग परत हसले.

साखरपुडा झाला. संस्कृतीनं शिवशंकरच्या ओल्या विजारीकडं बघून पदराआड जे हसू दाबलं, ते बघून मला वाटलं, आपण आयुष्यात एक काम तरी नीट केलं. फोटो मात्र मोबाईलवर काढले, कारण फोटोग्राफर रविराजच्या गाडीत होता. पेढ्यांऐवजी सासूबाईंनी गूळ वाटला.

जेवणं झाल्यावर मोहनराव म्हणाले, "आता हे यंत्र मला पन पायजे. कसं वापरायचं तेवढं सांगा."

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, उपग्रह वर फिरत असतात..."

"काय न्हाई अवघड," म्हाळूमामा मधेच म्हणाले. "मेंढ्याच्या गळ्यात बांधायचं. मी रविवारी बादशाच्या गळ्यात बांधलं, दिसभर हरवला न्हाई बघा. लई गुनाचं यंत्र."

मोहनरावांनी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग वाड्याकडं, जिथं बादशा आपली वळलेली शिंगं गव्हाणीला घासत उभा होता.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "आमी ज्या झाडाला नारळ फोडला..."

"होय," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आन ज्याचा जयजयकार केला..."

"तोच."

मला वाटलं, संपलं. मोहनराव उठले. त्यांनी आपल्या माणसाकडून फेटा मागवला. तो हातात घेऊन ते माझ्यासमोर आले आणि अचानक असे हसले, की त्यांच्या मिशा थरथरल्या.

"माझा आजा मेंढरंच राखायचा," ते म्हणाले. "पुढारपन आमच्यात मागनं आलं. आजा सांगायचा, मेंढराच्या मागं चाललेला मानूस घरी पोचतोच. त्याचं आज खरं झालं. पन पान्यात आदी मेंढा न्हाई उतरला, पावनं. तुमी उतरलात." आणि त्यांनी सगळ्या पंगतीसमोर माझ्या डोक्याला फेटा बांधला. टाळ्या वाजल्या. बबिता माझ्याकडं बघत होती, आणि या खेपेला तो आदर खोट्या बोलण्यावर मिळवलेला नव्हता.

संध्याकाळी रविराज आला. पवनचक्कीवाल्यांच्या ट्रॅक्टरवर, मांडीवर पेढ्यांचा खोका, मागं चिखलानं माखलेला फोटोग्राफर. त्याच्या गाडीला सगळं कळत होतं, पण रेंज गेल्यावर तिनं त्याला तीन पवनचक्क्या दाखवल्या आणि चौथीपाशी रुतून बसली. मी नुसता फेटा जरा सरळ केला.

ही गोष्ट पाटोद्याला माझ्याआधी पोचली. चहाच्या टपरीवर लोक माझ्यासाठी बाक सरकवायला लागले. ऑफिसात तर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. नोकरीत पहिल्यांदा.

"सोमेश्वर, तुमच्यासारखा माणूस इथं फायलीत कुजवणं बरोबर नाही," साहेब म्हणाले. "डोंगरातल्या जनावरांची मोजणी आलीय. रस्ता नसलेल्या सगळ्या वस्त्या. कुणी जायला तयार नाही. तुमच्याकडं यंत्र आहे, अनुभव आहे. पथकप्रमुख तुम्हीच. पथकात सध्या तुम्ही एकटेच आहात."

मी फुगून घरी आलो. बबितानं ताबडतोब माहेरी फोन लावला. मामा नेमके फाट्यावर मेंढरं घेऊन आले होते, म्हणून लागला. तिनं स्पीकर सुरू केला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"आबा, ह्यांना बढती भेटली! आता रोज डोंगरात जायचं, वस्त्या हिंडायच्या, मेंढरं मोजायची!"

मग म्हाळूमामांचा भरून आलेला आवाज आला.

"चांगलं झालं पोरी. इतकी वर्सं मला लई घोर होता. शेवटी जावई कामाला लागला एकदाचा."